बंद करण्याआधी

“बंद हो म्हटल्यावर ते बंद का झालं नाही?”

गोदाक्कांनी तिसऱ्यांदा विचारलं. आवाज पहिल्या वेळेइतकाच शांत होता.

धैर्यशीलनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “झालं असतं, आक्का. पण बंद होण्याआधी त्याला थोडं काम होतं.”

“कुणाचं काम?”

“त्याचं स्वतःचंच. अपडेट. म्हणजे आतलं जुनं काढायचं आणि नवं घालायचं.”

“शेवंतानं सांगितलं होतं तसं कर म्हणून?”

“तिनं सांगायची गरज नसते. ते आपलं आपण होतं.”

“मग तिला विचारलं होतं?”

“नाही.”

“का?”

तो हसला. हा प्रश्न त्याला नवा नव्हता. ही अपडेट त्याच्याच पुण्याच्या ऑफिसातून निघायची. तिथं दर आठवड्याला कुणी ना कुणी तो पत्रातून विचारत असे, आणि उत्तर त्याला तोंडपाठ होतं.

“विचारलं की लोक ‘नंतर’ म्हणतात, आक्का. आणि ते नंतर कधीच येत नाही. जुनंच वापरत बसतात. मग एखादा चोर त्या जुन्या फटीतून आत शिरतो, आणि बोंब आमच्या नावानं होते. म्हणून मी ठरवलं, विचारायचंच नाही. माणूस बंद करायला आला की काम उरकून घ्यायचं. त्या वेळी त्याला यंत्र नकोच असतं. आज शंभरातली अठ्ठ्याण्णव यंत्रं अद्ययावत आहेत, ती त्यामुळंच.”

“आणि उरलेली दोन?”

“तेवढं होतंच.”

गोदाक्कांनी पडवीत बघितलं. मठाचा कॉम्प्युटर चटईवर उघडा पडला होता. झाकण एका बाजूला, वायरी बाहेर, आणि तो रोज वापरणाऱ्या शेवंतानं त्यावर घातलेलं फुलाफुलांचं आवरण घडी करून बाजूला ठेवलेलं.

“आमच्याकडे शंभर नाहीत रे,” त्या म्हणाल्या. “एकच आहे.”

…

मठ नदीकाठी होता. एक समाधी, समोर पडवी, मागं स्वयंपाकघर आणि अंगणात उंबर. गोदाक्का पन्नास वर्षं तो सांभाळत होत्या. चष्म्याला दोरी बांधून तो गळ्यात अडकवायच्या, आणि पडवीत गावातल्या मुलांना गणित शिकवायच्या. धैर्यशील त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी, असं गाव म्हणायचं. गोदाक्का मात्र कधी म्हणाल्या नव्हत्या.

त्याची आई, इंदू, मठातच राबायची. नैवेद्याचा स्वयंपाक तिचा, आणि दुपारचं दार लावायचं कामही तिचंच.

बारा वाजता नैवेद्य झाला की समाधीचं दार चारपर्यंत बंद होई. पण ते नुसतं लावायचं नाही, अशी या मठाची रीत होती. दाराच्या फळीवर हात ठेवायचा, आत तोंड करायचं आणि विचारायचं, “आत कोण राहिलंय का?” मग थांबायचं. असं तीनदा. आत कुणी नाही हे स्वच्छ दिसत असलं तरी तीनदा. कुणी म्हणे, फार पूर्वी एक आंधळी म्हातारी आत राहिली होती. कुणी म्हणे, म्हातारी नव्हे, शेळी होती. पण विचारायचं कुणी सोडलं नव्हतं.

तिसऱ्यांदा विचारून झालं की इंदू एक ओवी म्हणायची आणि दार ओढून घ्यायची.

ती जाऊन चौदा महिने झाले होते.

तिच्या शेवटच्या वर्षात शेवंतानं एकदा आपल्या फोनवर तो आवाज भरून ठेवला होता. तीनदा विचारणं आणि त्यामागची ओवी. फोन भरला तेव्हा तिनं ते कॉम्प्युटरवर टाकलं आणि फोनमधून काढून टाकलं. तसं करायला धैर्यशीलनंच शिकवलं होतं. कॉम्प्युटरही त्यानंच दिला होता. “त्यात टाक, तिथं काही हरवत नाही,” असं म्हणाला होता.

तेराव्याला शेवंतानं त्याला सांगितलं, “दादा, काकूंचा आवाज हाय. घिऊन जावा.” घर माणसांनी भरलेलं होतं. तो म्हणाला, पुढच्या वेळी नेतो.

दिवाळीला म्हणाला, पुढच्या वेळी.

आता आला होता तो कॉम्प्युटर बंद पडला म्हणून.

एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. आईचं बोलणं त्याला आठवत होतं. ती काय म्हणायची, कधी रागवायची, कुठल्या शब्दावर अडखळायची, सगळं. पण आवाज… आवाज आठवत नव्हता. गेल्या काही महिन्यांत तो कधीतरी निसटून गेला होता, आणि कधी निसटला हेही त्याला कळलं नव्हतं.

…

शेवंता चहा घेऊन आली. गेली सहा वर्षं मठातल्या जुन्या पोथ्या ती दोन बोटांनी टाईप करत होती. आज ती उंबरठ्याच्या अलीकडेच उभी राहिली.

“माझ्या हातनंच झालं, दादा.”

“काय झालं ते सांग फक्त.”

“आमच्यात बारा वाजता लाईट जाती. रोजच. म्हनून म्या पावणेबाराला बटण दाबलं. तुमीच सांगितलं हुतं, वायर उपसायची न्हाई, रीतसर बंद करायचं.”

“बरोबर आहे.”

“तर त्याच्यावर आलं, ‘अपडेट होत आहे, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.’ आता बघा, बंद कर म्हनून म्या सांगतीय, आन् त्योच मला सांगतोय बंद करू नका! म्या हात जोडून बसले. नऊ टक्के झालं. बारा झालं. घड्याळात बाराला पाच कमी. मग पळत सुटले वायरमनकडं. म्हटलं, पांडूआण्णा, आजच्या दिस पाच मिन्टं लाईट थांबवा, मठातला कॉम्प्युटर मधीच हाय. तर त्यो म्हनतोय कसा, बाई, मी न्हाई घालवत, ती वरनं जाती. वर म्हंजे कुठं, ईचारलं, तर त्यानं आभाळाकडं बोट केलं.”

धैर्यशीलला हसू आलं, पण शेवंताचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

“परत आले तवर गेलीच. खालचा बॅटरीचा डबा शिट्ट्या मारत हुता. एकेचाळीस टक्क्यांपतुर गेलं बघा, दादा. एकेचाळीस. मग सगळं काळं.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर रोज आंघोळ करून अकरा वेळा चालू करून बघितलं. तीन आठवडं.”

“अकरा वेळा? का?”

“मठात सगळं अकराच करत्यात की. प्रदक्षिणा अकरा, आवर्तनं अकरा…”

धैर्यशीलनं मान खाली घातली. सकाळी कॉम्प्युटर चालू केल्याबरोबर डिस्कमधली, म्हणजे सगळं साठवायच्या तबकडीतली, खरखर त्याला ऐकू आली होती. अर्धवट मेलेलं यंत्र रोज अकरा वेळा उठवल्यावर आत काय झालं असेल, ते त्याला शेवंतापेक्षा चांगलं कळत होतं.

“लई बिघडलं का त्यानं?” शेवंतानं विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “त्यानं काही नाही बिघडलं.”

गोदाक्कांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

…

त्यानं डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर एक पट्टी आली आणि मुंगीच्या पावलानं सरकू लागली. त्याखाली लिहिलेलं होतं, शोध चालू आहे, कृपया थांबा.

तो थांबला.

इतकी वर्षं तो हे वाक्य दुसऱ्यांसाठी लिहीत आला होता.

अकराला दहा कमी असताना त्यानं घड्याळ बघितलं आणि उठला. मठात फोन लागत नसे. रेंज यायची ती मागच्या टेकाडावर, आणि अकरा वाजता पुण्याहून फोन येणार होता.

“कुठं निघालास?” गोदाक्का पायरीवर बसून धान्याच्या पोत्याचं तोंड शिवत होत्या. हातात दाभण होतं.

“टेकाडावर. मीटिंग आहे. आजच ठरायचंय.”

“काय?”

“हेच. बंद करताना विचारायचं की नाही. काही लोक फार मागं लागलेत, विचारा म्हणून. मला फक्त ‘नाही’ म्हणायचंय. पाच मिनिटांचं काम आहे.”

“तुझ्या एकट्याच्या ‘नाही’वर ठरतं?”

“ठरतं,” तो म्हणाला. नाही म्हटलं तरी त्या एका शब्दात थोडा अभिमान होताच.

त्यानं एका चपलेत पाय घातला. दुसरी चप्पल जागेवर नव्हती.

ती गोदाक्कांच्या मांडीवर होती.

“आक्का! माझ्या चपलेला तुम्ही हात…”

“पट्टा उसवलाय,” त्या म्हणाल्या आणि दाभण आत खुपसलं.

“राहू दे. मी नंतर शिवून घेईन.”

“नंतर तू शिवून घेणार नाहीस.”

“आक्का, मला आत्ता जायचंय.”

“म्हणून तर आत्ता घेतली. तू घरात बसला होतास तेव्हा चपलेला काय धाड भरली होती? निघालास की उरकून घ्यावं.” त्यांनी दोरा ओढला. “कृपया चप्पल घालू नका.”

शेवंता दारातून बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला.

“मला उशीर होतोय हो.”

“नऊ टक्के झालं.”

“आक्का…”

“बारा.”

ऊन चढलं होतं. अंगणातली फरशी तापली होती. धैर्यशील एका पायावर उभा राहिला, मग दुसरा पाय पहिल्यावर ठेवला, मग उंबराच्या सावलीकडे एक उडी मारली. एवढा मोठा माणूस, पुण्यात ज्याच्या खोलीत शिरताना लोक दार वाजवतात, तो मठाच्या अंगणात लंगडी घालत होता.

“द्या मला ती! तशीच द्या. उसवलेली चालेल.”

“अर्ध्यात काढली तर पट्टाच सुटून येईल. मग एकाच पायानं जावं लागेल.”

“पण निदान विचारायचं तरी होतं मला!”

गोदाक्कांचा हात थांबला.

अंगणात कावळा ओरडला.

त्यांनी दोरा दातानं तोडला, चप्पल त्याच्या पायापुढं ठेवली आणि पुन्हा पोतं मांडीवर घेतलं.

“जा,” त्या म्हणाल्या.

…

टेकाडावर पोचला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. फोनवर त्याच्या हाताखालचा वर्दे होता.

“सर, आम्ही थांबलोय. तुमचं ‘नाही’च धरायचं ना?”

धैर्यशीलनं खाली बघितलं. टेकाडावरून मठ काड्यापेटीएवढा दिसत होता. पडवी, उंबर, पायरीवर पांढरा ठिपका. त्या गोदाक्का.

आई इथूनच फोन करायची. दुपारचं दार लावलं की शेवंताचा फोन मागून घ्यायची आणि गुडघे धरत हे टेकाड चढायची. त्याला ते ठाऊक होतं. पण हे टेकाड किती चढणीचं आहे, ते त्याला आज पहिल्यांदा जाणवलं. साडेबारा-पाऊणला त्याचा फोन वाजायचा. तो मीटिंगमध्ये असायचा. खालच्या आवाजात म्हणायचा, आई, नंतर करतो.

ती म्हणायची, बरं.

“सर? ऐकू येतंय ना?”

“थांबा,” तो म्हणाला.

“किती वेळ?”

“दोन वाजेपर्यंत. मी सांगतो.”

…

परत आला तेव्हा पट्टी शेवटाला पोचली होती.

सापडलेल्या गोष्टींची यादी आली होती. पोथ्यांची बरीचशी पानं शाबूत होती. शेवंतानं हे ऐकून गुडघे टेकले आणि जमिनीला हात लावून कपाळाला लावले. आणि यादीच्या तळाशी एक नाव होतं, शेवंतानं दोन बोटांनी लिहिलेलं. इंदूकाकू दार.

त्यानं त्यावर बोट नेलं. दाबलं नाही.

“दाब की,” गोदाक्का म्हणाल्या. त्या कधी मागं येऊन उभ्या राहिल्या ते त्याला कळलं नव्हतं.

त्यानं दाबलं.

आधी नुसती खरखर. मग शेवंता, अगदी जवळून, “हां काकू, म्हना आता, चालू हाय.” मग लांबून कुणीतरी घसा साफ केला. दाराची कडी वाजली.

“आत कोण राहिलंय का?”

…

त्यानंतर शांतता होती. पण ती रिकामी नव्हती. तिच्यात पाण्याचा आवाज होता, कुठंतरी लांब एक बैलगाडी होती, आणि कुणीतरी श्वास रोखून, कान देऊन उभं असल्याचं कळत होतं. बराच वेळ ती शांतता तशीच चालली.

मग, “आत को…”

आणि तिथं ते तुटलं.

एकोणीस सेकंद. पुढं काही नव्हतं. धैर्यशीलनं दोनदा, तीनदा लावलं. दुसऱ्या रीतीनं उघडून बघितलं, आणखी दोन युक्त्या केल्या. एकोणीस सेकंद. डिस्क तिथून पुढं खरवडली गेली होती.

ओवी गेली होती.

पण आवाज… हो, असाच होता तो. थोडा बसका. ‘कोण’वर किंचित वर चढणारा, जणू खरंच कुणीतरी आत आहे आणि ते आता ‘ओ’ देणार आहे.

शेवंता आतल्या आत रडत होती. तिला वाटत होतं, आपल्यामुळं. तो तिच्याकडं वळून म्हणाला, “शेवंताताई, तू ठेवलं होतंस म्हणून एवढं तरी मिळालं. मी तर तेवढंही ठेवलं नव्हतं.”

मग त्यानं गोदाक्कांना विचारलं, “ओवी कोणती होती ती?”

“रोज वेगळी म्हणायची. जोडत जायची. कालची आज नसे.”

“एखादी तरी आठवत असेल.”

“आठवते.”

“म्हणा ना, आक्का.”

“माझ्या आवाजात?”

त्यानं मान हलवली. नको.

गोदाक्का त्याच्याशेजारी चटईवर बसल्या. बसताना त्यांचे गुडघे वाजले.

“आक्का,” तो अखेर म्हणाला, “नवं घालणं चूक नाही. खरंच सांगतो. नाही घातलं तर माणसांचं नुकसान होतं.”

“मी कधी म्हटलं, घालू नको?”

“मग?”

“विचार.”

“आणि त्यांनी नाही म्हटलं तर?”

“तर तुला कळेल की त्यांच्याकडं बारा वाजता लाईट जाते.”

…

त्यानं खिशातून कागद काढला. लॅपटॉप समोर असून त्याला कागदावरच लिहावंसं वाटलं. गोदाक्कांनी शिकवलं होतं तसं, समास सोडून, ओळ सरळ ठेवून.

वर एक वाक्य लिहिलं. नवे बदल तयार आहेत. काय करू?

त्याखाली पहिली ओळ. नुसतं बंद कर.

दुसरी ओळ. बदल घाल आणि मग बंद कर.

लिहून झाल्यावर थोडा वेळ तो त्या दोन ओळींकडे बघत बसला. एवढंच होतं. नऊ वर्षं त्यानं जे करू दिलं नव्हतं, ते एवढंच होतं. लिहायला एक मिनिटही लागलं नव्हतं.

मग लहानपणी गणिताची वही नेऊन द्यायचा, तसा तो कागद त्यानं गोदाक्कांपुढं धरला.

गोदाक्कांनी चष्मा लावला. कागद आधी लांब धरला, मग जवळ. प्रत्येक ओळ त्यांनी ओठ हलवून वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून.

तो वाट बघत होता. एकदा तरी… वय चाळिशीला आलं होतं, पण तो वाट बघत होता.

“अक्षर सुधारलंय,” त्या म्हणाल्या आणि कागद परत दिला.

…

बारा वाजले. स्वयंपाकघरातला पंखा हळूहळू थांबला.

“गेली,” शेवंता आतून म्हणाली. ती नैवेद्याचं ताट घेऊन बाहेर आली. वरण, भात, भोपळ्याची भाजी. ताट समाधीपुढं ठेवलं, पाण्याची धार फिरवली, सगळ्यांनी हात जोडले. समईची वात शेवंतानं थोडी पुढं सारली.

इंदू गेल्यापासून दार गोदाक्का लावत. आज त्या उठल्या नाहीत. पडवीच्या खांबाला टेकून बसून राहिल्या.

“धैर्या, दार लाव.”

“मी?”

“का, हात दुखतात?”

तो उठला. कागद हातातच होता. दाराची डावी फळी आधीच लावलेली होती. उजव्या फळीवर, कडीच्या जरा वर, लाकूड गुळगुळीत आणि काळपट झालं होतं, तळहाताएवढं. हात ठेवायची जागा होती ती. आजवर कितीजणांनी ठेवला असेल. शेवटी कुणी ठेवला असेल, ते त्याला माहीत होतं.

त्यानं तिथं हात ठेवला.

“विचारून झाल्यावर किती वेळ थांबायचं, आक्का?”

“इंदू थांबायची तेवढं.”

“म्हणजे किती?”

“घड्याळ नाही लावलं कधी. पण आमचा भात गार व्हायचा, एवढं आठवतंय.”

शेवंता म्हणाली, “काकूंना म्हनायचो आमी, आत काळं कुत्रं न्हाई, लावा की वो! तर म्हनायच्या, असूंदे, येनाऱ्याला उशीर झाला असंल.”

धैर्यशील आत बघत राहिला. समाधीचा दगड, त्यावरची तगरीची फुलं, समईचा उजेड. कोपऱ्यात पाण्याचा हंडा. आत कुणी नव्हतं. हे त्याला दिसत होतं.

“आत कोण राहिलंय का?”

स्वतःच्याच आवाजानं तो दचकला. ‘कोण’वर तो आवाज किंचित वर चढला होता. त्यानं मुद्दाम चढवला नव्हता.

तो थांबला.

नदीचं पाणी ऐकू येत होतं. उंबरावर काहीतरी सळसळलं.

“आत कोण राहिलंय का?”

यावेळी तो जास्त थांबला. एकोणीस सेकंद सरले असतील, आणि त्यापुढचेही. जिथं ते तुटलं होतं त्याच्या पुढं तो आता उभा होता, आणि पुढं काय असतं ते त्याला ऐकायचं होतं. ताटातल्या भातावरची वाफ हळूहळू कमी होत गेली.

मग त्यानं तिसऱ्यांदा विचारलं.

…

वाफ संपली. शेवंतानं एकदा गोदाक्कांकडं बघितलं. गोदाक्का त्याच्या पाठीकडं बघत होत्या.

विचारून झालं होतं. थांबून झालं होतं. आता ओढायचं, एवढंच उरलं होतं. त्याचा उजवा हात त्या गुळगुळीत जागेवर होता, आणि डाव्या हातात तो कागद होता.

फळी हलली नाही.

“आक्का,” तो वळून न बघताच म्हणाला, “मला नाही लावता येत.”

गोदाक्कांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि त्याच्या डाव्या हातातल्या कागदाकडं बघितलं.

“मग त्यावर तिसरी ओळ राहिलीय, धैर्या. ज्याला बंदच करवत नाही, त्याच्यासाठी.”